आई पडली ती नशिबाने नव्हे



रविवारी वंदनेला विहारात गेलात की एकदा मागे वळून पाहा. पांढरे लुगडे नेसलेल्या, भिंतीला टेकून बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आयाबाया तिथे दिसतील. त्रिशरण-पंचशील त्यांना तोंडपाठ असते. एखाद्या रविवारी त्यातली एक जागा रिकामी दिसते. विचारले तर सून सांगते, "आत्या मोरीत पडल्या." दोन-तीन रविवार जातात. जागा रिकामीच राहते. मग कुणीतरी म्हणते, "वय झालं आता. चालायचंच." आणि विषय तिथे संपतो.

तो तिथे संपू नये, म्हणून हा लेख.

माझी आईही अशीच पडली. उभे आयुष्य तिने बांधकामावर घमेली उचलली. सत्तरी ओलांडली तरी तिचा हात रिकामा नसे. पहिल्यांदा ती पडली पहाटे, वस्तीतल्या सार्वजनिक संडासाकडे जाताना. गुडघा सोलला. तिने हळद लावली आणि आम्हाला काहीच सांगितले नाही. कारण दसरा जवळ आला होता आणि तिला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे होते. पडल्याचे कळले तर पोरे जाऊ देणार नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते. शेजारच्या मावशींनी तिला उठवले होते. त्यांनाही तिने शपथ घातली.

ती दीक्षाभूमीवर जाऊन आली. पुढे तीन महिन्यांनी एका रात्री लघवीला उठली. अंधारात चटईच्या कडेला पाय अडकला आणि ती डाव्या कुशीवर कोसळली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पहिल्यासारखी ती पुन्हा चाललीच नाही. वर्षाच्या आत गेली. पुण्यानुमोदनाला जो तो म्हणत होता, "नशिबात होतं." मीही तेव्हा मान डोलावली. मावशींनी पहिल्या पडण्याची गोष्ट सांगितली ती त्या दिवशी.

नंतर डॉक्टरांना, नर्सबाईंना विचारत गेले, वाचत गेले, तेव्हा कळले की यात नशिबाचा काही संबंध नव्हता. कारणे होती. ती मोजता येण्यासारखी होती. त्यातली निम्मी तरी आम्हाला घरच्या घरी, फारसा खर्च न करता दूर करता आली असती.

कारणाशिवाय काही घडत नाही

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तेव्हा नशीब आणि पूर्वजन्मीचे भोग आपण मागे टाकले. कारणाशिवाय कार्य नाही, कारण दूर केले की कार्य थांबते, हे तथागतांचे सांगणे आपण प्रवचनात ऐकतो. पण घरातली म्हातारी पडली की आपण पुन्हा नशिबाकडे बोट दाखवतो. कुणी नशीब म्हणत नाही ते वय म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, की करण्यासारखे काही नाही.

हे खरे नाही, याला पुरावा आहे. १९८८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपापल्या घरी राहणाऱ्या, ७५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ३३६ माणसांवर त्यांनी वर्षभर लक्ष ठेवले. वर्षात त्यांच्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश माणसे एकदा तरी पडली. कोण पडले आणि कोण पडले नाही, हे त्यांनी तपासले. झोपेच्या गोळ्या, समज आणि स्मरण कमी होणे, पायांतला अशक्तपणा, चालीतला आणि तोलातला दोष, पावलांचे दुखणे अशी कारणे पुढे आली. ज्यांच्यात यातले एकही कारण नव्हते, त्यांच्यापैकी शंभरात ८ जण पडले. ज्यांच्यात चार किंवा अधिक कारणे होती, त्यांच्यापैकी शंभरात ७८ पडले.

भगिनींनो, हे दोन आकडे नीट पाहा. सगळेच पंचाहत्तरीच्या पुढचे होते. वयाने सगळेच पडायचे असते तर आठ आणि अठ्ठ्याहत्तर असा फरक आला नसता. एक कारण असले तर शरीर कसेबसे सावरून घेते. कारणांवर कारणे साचली की तोल जातो.

त्याच डॉक्टरांनी पुढची पायरीही गाठली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी सत्तरी गाठलेल्या आणि धोका असलेल्या ३०१ जणांचे दोन गट केले. एका गटाची औषधे तपासून बदलली, त्यांना व्यायाम शिकवला, सवयी सुधारल्या. वर्षभरात त्या गटातले ३५ टक्के पडले. दुसऱ्या गटात ४७ टक्के पडले. म्हणजे सगळे पडणे टळत नाही, पण बरेचसे टळते.

आपल्या आयाबायांना धोका जास्त का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. त्यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पडण्याने मरणाऱ्यांत साठीच्या पुढच्यांचा भरणा सर्वांत मोठा. तेव्हा हे श्रीमंतांचे दुखणे समजू नका.

बाईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पाळी बंद झाली की हाडे मजबूत ठेवणारा शरीरातला स्त्रीरस कमी होतो आणि पुढची काही वर्षे हाडे झपाट्याने विरळ होत जातात. ज्या पडण्यात पुरुषाला नुसता मुका मार बसतो, त्याच पडण्यात बाईचे हाड मोडते.

त्यात आपल्या घरची बाई. ती सर्वांच्या शेवटी जेवली आणि उरले तेवढे जेवली. दूध पोरांना, अंडे कर्त्या पुरुषाला. लागोपाठची बाळंतपणे झाली. डोक्यावर हंडे, घमेली, मोळ्या वाहून गुडघे झिजले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील ३० ते ६० वयाच्या २८९ स्त्रियांच्या हाडांची तपासणी केली. २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खुब्याजवळचे हाड ठिसूळ झालेल्या सुमारे २९ टक्के निघाल्या. म्हातारपण यायच्या आधीच ही अवस्था. रक्ताचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी म्हणजे थकवा, धाप, डोळ्यांपुढे अंधारी.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बाईच्या बाळंतपणाच्या सवलतीसाठी बोलले. बाईच्या शरीराची झीज ही तिची एकटीची बाब नाही, हे त्यामागचे तत्त्व. हेच तत्त्व तिच्या म्हातारपणालाही लागू आहे.

वस्तीतली आणि घरातली कारणे

आता आपल्या घराकडे पाहू. डॉक्टरी पुस्तकात गालिचा आणि बाथटब असतात. आपल्याकडे ते नाहीत. आपली कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण संडास. रात्री बाहेर जायला भीती वाटते, वाट ओली असते, दिवा नसतो. म्हणून कितीतरी बाया संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. पाणी कमी पडले की बी.पी. उतरते, सकाळी उठताना गरगरते, लघवीला जळजळ होते आणि मग रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. म्हणजे पडू नये म्हणून केलेला उपायच पाडतो. उपाय साधा आहे. दिवसा भरपूर पाणी प्यावे, झोपण्याआधी दोन तास थोडे कमी करावे. रात्रीपुरते झाकणाचे भांडे किंवा कमोडची खुर्ची खोलीतच ठेवावी. त्यात लाज कसली? एक पडदा लावला की झाले.

भारतीय पद्धतीच्या संडासात बसून एकदम उठले की रक्त पायांकडे उतरते आणि चक्कर येते. गुडघे धरलेले असतील तर उठताना आधाराला काही नसते. भिंतीत एक लोखंडी दांडी पक्की बसवून घ्या. प्लॅस्टिकच्या खुंटीला किंवा नळाला धरून उठायची सवय घातक आहे.

दुसरे कारण मोरी. साबणाचे पाणी, शेवाळ, गुळगुळीत लादी. आठवड्यातून एकदा खराट्याने आणि धुण्याच्या सोड्याने घासा. आंघोळ स्टुलावर बसून होऊ द्या. मोरीचा कट्टा उंच असेल तर त्याच्या कडेवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारा, म्हणजे अधू नजरेलाही तो दिसेल.

तिसरे कारण पोटमाळ्याची शिडी. मुंबईच्या झोपडपट्टीत ती जवळजवळ उभीच असते आणि एका बाजूला धरायला काही नसते. जागा नाही म्हणून आपण म्हाताऱ्या माणसाला माळ्यावर झोपवतो. हे बंद करा. तरुणांनी वर झोपावे, आजीने खाली.

चौथे कारण अंधार आणि पसारा. चटईची उलटलेली कडा, गोधडीचा घोळ, टी.व्ही.ची आडवी गेलेली वायर, दारातल्या चपलांचा ढीग, उंबरठा. रात्रीचा छोटा दिवा लावून ठेवा, त्याला वीज नावापुरती लागते. उशाशी बॅटरी ठेवा. झोपायच्या जागेपासून दारापर्यंतची वाट मोकळी करून मगच झोपा. माझ्या आईला एवढेच पुरले असते.

पाचवे कारण पायातली चप्पल आणि अंगावरचे लुगडे. तळ झिजून गुळगुळीत झालेली स्लीपर ओल्या फरशीवर साबणासारखी घसरते. सुनेची मोठी पडणारी चप्पल घालून संडासला जाणे तसेच. पाठीमागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली, मापाची चप्पल म्हातारीसाठी वेगळी ठेवा.  वंदनेचे पांढरे लुगडे घोट्याच्या वर राहील असे नेसावे.

अंगातली कारणे

घर कितीही आवरले तरी काही कारणे शरीरात असतात. ती डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाहीत.

औषधे. एका डॉक्टरची बी.पी.ची गोळी, दुसऱ्याची झोपेची, तिसऱ्याची लघवीची, मेडिकलमधून मागून आणलेली अंगदुखीची. सगळ्या एकाच पोटात जातात. झोपेच्या गोळीची गुंगी पहाटेपर्यंत राहते. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून दवाखान्यात न्या आणि विचारा, "यातली कोणती नको?" लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हेही विचारा. मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका.

बी.पी. काहींचे बी.पी. बसले असता चांगले असते आणि उभे राहताच उतरते. म्हणून आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, दोन्ही वेळा मोजायला सांगा. घरी नियम एकच. झोपेतून उठले की आधी कुशीवर, मग खाटेच्या कडेला पाय सोडून थोडे बसायचे, पावले हलवायची, मग उभे राहायचे. वंदनेला तासभर मांडी घालून बसल्यावर किंवा पंचांग प्रणाम केल्यावरही असेच सावकाश उठावे.

शुगर. पौर्णिमेला आणि वर्षावासात अष्टशील घेणाऱ्या आपल्या भगिनी दुपारनंतर जेवत नाहीत. श्रद्धा चांगलीच आहे. पण शुगरची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि बाई कोसळते. तथागतांनी शरीराचे हाल नाकारून मध्यम मार्ग सांगितला. तेव्हा शुगरवाल्या भगिनींनी त्या दिवसाच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे आणि विचारले नसेल तर वेळेवर जेवावे. शुगरने पायाची संवेदनाही जाते, जमीन पायाला नीट लागत नाही. तळवे रोज पाहावेत.

डोळे. मोतीबिंदूची बाई पायरी अंदाजाने उतरते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे सत्तरीच्या पुढच्या ३०६ स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पहिल्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन लवकर केले, त्यांचे पडण्याचे प्रमाण थांबलेल्या स्त्रियांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी झाले. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होते. "पिकू दे अजून" म्हणत वर्षे काढू नका.

हाडे आणि खाणे. नाचणी, तीळ, डाळ, शेवग्याचा पाला, अंडे, काट्यासकट खाता येईल अशी सुकट, जमेल तसे दूध. हे म्हातारीच्या ताटात आधी वाढा. तंबाखू आणि मिश्री भूक मारतात, त्या सुटतील तेवढ्या सोडा. सकाळच्या उन्हात थोडा वेळ बसा. पण डी जीवनसत्त्वाचे मोठे डोस कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला, तेव्हा त्या स्त्रिया कमी नव्हे, उलट जास्त पडल्या. २०१० सालची ही गोष्ट. डॉक्टर सांगतील तेवढेच घ्यावे.

लपवणे आणि घाबरणे

सर्वांत अवघड कारण मनात असते. म्हातारी पडल्याचे लपवते. का लपवते? कारण सांगितले की आपण ओरडतो. "सांगितलं होतं ना बसून राहा म्हणून!" मग विहार बंद, बाजार बंद, लेकीकडे जाणे बंद. जी सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत रात्र रात्र उभी राहिली, तिला आपण खाटेवर बसवून ठेवतो. हे टाळण्यासाठी ती गप्प बसते.

आणि बसवून ठेवल्याने ती सुरक्षितही होत नाही. न चालणाऱ्या पायातले बळ काही आठवड्यांत कमी होते. बळ कमी झाले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते, भीतीने चालणे आणखी कमी होते. म्हणून पडलेल्या बाईला घरात कोंडू नका. ती कशाने पडली ते शोधा.

घरच्या घरी तपासा

आईला तीन प्रश्न विचारा. या वर्षात पडलीस का? उभी राहताना किंवा चालताना डळमळल्यासारखे वाटते का? पडण्याची भीती वाटते का? एकाचेही उत्तर "हो" आले तर पुढची तपासणी करा.

खुर्चीत बसवा. उठायला सांगा. ३ मीटर, म्हणजे सुमारे १० फूट चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत ही तपासणी मावते. नेहमीच्या चालीने चालू द्या, घाई नको, आणि तुम्ही शेजारी उभे राहा. घड्याळ पाहा. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

पायात बळ पुन्हा येते

या वयात काय व्यायाम, असे म्हणू नका. न्यूझीलंडमध्ये ८० वर्षे आणि त्यापुढच्या २३३ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या आजीबाईंना घरीच करायचा पायांच्या बळाचा आणि तोलाचा व्यायाम शिकवला. वर्षभरात व्यायाम न शिकवलेल्या गटात पडण्याच्या १५२ घटना घडल्या आणि व्यायाम करणाऱ्या गटात ८८. ऐंशीच्या पुढे हे होते, तर साठी-सत्तरीत का होणार नाही?

आठवड्यातून तीन दिवस एवढे करावे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून उठणे, जमेल तसे पाच ते दहा वेळा. स्वयंपाकाचा ओटा धरून चवड्यावर उभे राहणे, दहा वेळा. ओटा धरून एका पायावर उभे राहणे, प्रत्येक पायावर दहा अंक मोजेपर्यंत. भिंतीच्या कडेने एका पावलाच्या बोटांपुढे दुसरी टाच ठेवत दहा पावले चालणे. बाकीच्या दिवशी चालणे. सुरुवातीला शेजारी कुणीतरी असावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबावे.

काठीची लाज वाटू देऊ नका. उभे राहून हात सरळ खाली सोडला असता मनगटाच्या रेषेपर्यंत येईल एवढी काठी असावी. खाली रबरी बूच हवेच, झिजले की बदला. पाय दुखत असेल त्याच्या विरुद्ध हातात काठी धरायची. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा मोफत देण्याची तरतूद आहे. राज्य सरकारनेही २०२४ साली ६५ वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी ३ हजार रुपयांची योजना जाहीर केली. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड सुरू झाले. या योजनांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात आणि सरकारी रुग्णालयात करा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

पडलीच तर

घाईने उठवू नका. कुठे दुखते ते आधी विचारा. पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, उभे राहता येत नसेल, मांडीच्या सांध्यात कळ येत असेल तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. चोळू नका, मालीश करू नका, हाडवैद्याकडे दिवस घालवू नका. १०८ ला फोन करा. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी. नुसते आडवे पडून राहण्याने छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात आणि माणूस त्यानेच दगावतो. डोक्याला मार लागला असेल आणि उलटी, गुंगी, बडबड सुरू झाली किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लगेच रुग्णालय गाठा.

एकटी असताना पडली आणि मोठी दुखापत नसेल तर कसे उठायचे, हे तिला आधीच शिकवून ठेवा. थोडे पडून श्वास घ्यायचा. कुशीवर वळायचे. कोपरांवर, मग हात-गुडघ्यांवर यायचे. रांगत खाटेपर्यंत जायचे. खाट धरून एक पाय रोवायचा आणि सावकाश वर बसायचे.

विहार समितीला विनंती

हे काम एकट्या सुनेच्या अंगावर टाकू नये. विहाराच्या पायऱ्यांना कठडा आहे का? दारात दिवा आहे का? पावसाळ्यात पायरीवर पायपुसणे घसरते का? ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी चार खुर्च्या मागे ठेवल्या तर वंदनेत काही उणे येत नाही. वंदनेनंतर दहा मिनिटे महिला मंडळाने खुर्चीचा व्यायाम घ्यावा. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जाताना प्रत्येक आजीबरोबर एक तरुण नेमून द्यावा. तिला घरी ठेवण्यापेक्षा हे बरे. सार्वजनिक संडासाच्या वाटेवरच्या दिव्यासाठी आणि कठड्यासाठी नगरसेवकाकडे, वॉर्ड ऑफिसात सह्यांचा अर्ज द्यावा. पाण्यासाठी आपण महाडला गेलो होतो. एका दिव्यासाठी वॉर्ड ऑफिसात जायला काय हरकत आहे?

शेवटी एक सांगते. थेरीगाथेत धम्मा नावाच्या एका थेरीची गाथा आहे. ती अशक्त झालेली. भिक्षा मागून काठीच्या आधाराने येत असताना तिचे अंग थरथरले आणि ती जमिनीवर पडली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या बाईने आपले पडणे लपवले नाही. शरीराचे खरे रूप तिने त्या क्षणी पाहिले, आणि आपण पडलो हेही सांगितले. तिच्या सांगण्याला धम्मसाहित्यात जागा मिळाली.

माझ्या आईला तिचे पडणे सांगता आले नाही, कारण आम्ही ऐकणारे नव्हतो, ओरडणारे होतो. आज संध्याकाळी जेवणे झाली की आपल्या आईजवळ, सासूबाईंजवळ बसा. आधी सांगून टाका, की तुझे विहार आणि तुझी दीक्षाभूमी कुणी बंद करणार नाही. मग विचारा, "आई, या वर्षात तू कधी पडलीस का गं?" आणि ती सांगेल ते शांतपणे ऐकून घ्या.

जयभीम. नमो बुद्धाय.